पाककृतीशेजारचं पान
(प्रस्तावना)

गिरगावातल्या आमच्या चाळीत ‘स्त्री’ मासिकाचा अंक कुणा एकीचा नसे. वर्गणी एका बिऱ्हाडाची, वाचणारी बिऱ्हाडं सहा. गॅलरीतून फिरत फिरत अंक शेवटच्या खोलीत पोचेतो त्याचे कोपरे दुमडलेले असत, विणकामाच्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं असे, आणि जी पाककृती कुणी वहीत उतरवून घेतली तिच्यापुढे पेन्सिलीची फुली असे. माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली. वर्तमानपत्र ती ‘ह्यांचं’ म्हणून बाजूला ठेवी. मासिक मात्र तिचं होतं. लोणच्याला सांगितलेलं मिठाचं प्रमाण चुकत नाही हे तिने स्वतः करून पाहिलं होतं. म्हणून त्याच अंकातला बाळाच्या तापावरचा सल्लाही ती मानायची, आणि त्याच अंकातल्या गोष्टी वाचून पुनर्विवाहाबद्दलचं तिचं मत हळूहळू बदललं होतं. ऑगस्ट १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ सुरू केलं. चुलीपाशी कमावलेला विश्वास विचारांच्या पानापर्यंत नेता येतो, हे त्या मासिकाने पुढची अनेक वर्षं दाखवून दिलं.

तोच विश्वास द्वेषाच्या पानापर्यंतही नेता येतो. हे पुस्तक त्याबद्दल आहे.

१९३२ साली, म्हणजे ‘स्त्री’ निघाल्यावर दोनच वर्षांनी, जर्मनीत नाझी पक्षाने बायकांसाठी ‘एनएस फ्राउएन-वार्टे’ नावाचं पाक्षिक काढलं. पक्षाची अधिकृत मान्यता असलेलं बायकांचं ते एकमेव नियतकालिक. दुसरं महायुद्ध सुरू होईतो त्याचा खप दहा लाखांच्या पुढे गेला होता. मुखपृष्ठावर कधी पिकल्या शेतात उभी असलेली बाई, कधी मूल मांडीवर घेतलेली आई. आत स्वयंपाक, शिवणाचे कागदी नमुने, काटकसरीच्या युक्त्या, बाळाची निगा, कथा, कादंबरीचं प्रकरण. आणि या सगळ्याला लागून, त्याच टायपात, त्याच समजुतीच्या सुरात वंश, रक्त आणि ज्यू.

नाझी ज्यूद्वेष म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते ‘डेर श्ट्युर्मर’. युलियुस श्ट्रायखरने १९२३ मध्ये सुरू केलेलं हे साप्ताहिक रस्त्यावरच्या काचपेट्यांत लावलेलं असे. विद्रूप नाकांची चित्रं, किळसवाणे मथळे. ते पाहून तोंड फिरवणारी माणसंही जर्मनीत होती. सुशिक्षित घरांत ते आणणं कमीपणाचं मानत. ‘फ्राउएन-वार्टे’ला कुणी तोंड फिरवत नव्हतं. ते घरात येई, उशापाशी राही, शेजारणीला दिलं जाई. ज्यूंविरुद्धचे उघड लेख त्यात होतेच, युद्ध पेटल्यावर अधिकच. पण माझं लक्ष पहिल्यापासून वेधलं ते त्या लेखांच्या शेजारच्या पानांनी. ज्या पानांवर ज्यू हा शब्दसुद्धा नाही त्या पानांनी काय काम केलं, हा प्रश्न मला या विषयाकडे घेऊन आला आणि अजून त्याने सोडलेलं नाही.

एक उदाहरण घरकामाचं. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्गला जे कायदे झाले ते आपल्याला शाळेत ‘नागरिकत्व’ आणि ‘विवाह’ या दोन शब्दांत शिकवले जातात. त्यातलं एक कलम मोलकरणींबद्दल होतं: पंचेचाळीस वर्षांखालच्या ‘जर्मन रक्ताच्या’ बाईला ज्यू घरात कामाला ठेवता येणार नाही. राज्याने थेट स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून कुणी कुणाची भांडी घासायची ते ठरवलं. चाळीत वाढलेल्या माणसाला या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या मोरीपर्यंत कोण येतं, हे प्रश्न आम्ही आमच्या घरांत पाहिलेले आहेत. इटलीत १७ नोव्हेंबर १९३८ च्या वंशकायद्याने असंच कलम आणलं. द्वेषाला कायद्याची भाषा मिळाली की पुढची भाषा गृहव्यवस्थेची असते: कामवाली कशी निवडावी, दुकान कोणतं धरावं, मुलांनी कुणाशी खेळावं. आणि गृहव्यवस्थेची भाषा बोलणारं घरातलं माध्यम म्हणजे बायकांचं मासिक.

दुसरं उदाहरण कपड्यांचं. बर्लिनचा तयार कपड्यांचा धंदा मोठा, आणि त्यात ज्यू मालक, बेतणारे, शिवणारे भरपूर. मे १९३३ मध्ये ‘आडेफा’ नावाचा कापडवाल्यांचा संघ निघाला. ज्यूंना या धंद्यातून हुसकावणं हाच त्याचा उद्देश. कपड्याच्या आतल्या बाजूला शिवलेली त्याची पट्टी सांगे की हा अंगरखा ‘आर्य’ हातांनी तयार झालेला आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये संघ विसर्जित झाला, कारण हुसकावायला कुणी उरलं नव्हतं. आता बायकांच्या मासिकातलं फॅशनचं पान या पट्टीच्या शेजारी ठेवून पाहा. पानावर नुसता झगा आहे, बाह्यांची मापं आहेत, गळ्याची कळी आहे. तरीही ते पान निष्पाप राहत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रचारातली सर्वांत घातक युक्ती मात्र वेगळी होती: आईला बोलतं करणं. १९३८ मध्ये श्ट्रायखरच्याच छापखान्याने मुलांसाठी एक चित्रमय पुस्तक काढलं, नाव ‘विषारी अळंबी’, लेखक एर्न्स्ट हीमर. पुस्तकाची सुरुवात होते जंगलात. आई आणि तिचा छोटा मुलगा अळंबी गोळा करताहेत. चांगली कोणती, विषारी कोणती हे ती त्याला दाखवते, आणि तिथूनच ती माणसांकडे वळते. अळंबीसारखीच माणसं, आणि त्यांतले विषारी कोण, हे मूल आईच्या तोंडून शिकतं. पावसाळ्यात आपल्याकडच्या आयाही हेच करतात. कोकणात अळंबी काढायला जाणाऱ्या बायका पोरांना सोबत घेतात आणि कशाला हात लावायचा नाही ते सांगतात. ते ज्ञान जीव वाचवणारं असतं. ते ज्या आवाजात सांगितलं जातं त्याच आवाजात इथे एका संपूर्ण समाजाबद्दल खोटं सांगितलेलं आहे.

योहाना हारर या फुप्फुसरोगाच्या डॉक्टरणीने १९३४ मध्ये पहिलटकरणींसाठी एक मार्गदर्शक लिहिलं आणि ते घरोघर गेलं. बाळाला किती वेळाने पाजावं, रडलं तरी का उचलू नये, असा सगळा मजकूर. त्याच बाईने १९३९ मध्ये आयांनी मुलांना वाचून दाखवायचं हिटलरवरचं एक गोष्टीचं पुस्तक लिहिलं, आणि त्यात ज्यू खलनायक म्हणून येतात. एकाच लेखणीतून दोन्ही पुस्तकं. पहिल्याने मिळवलेला भरवसा दुसऱ्याला घरात पोचवत होता. आजीच्या त्या लोणच्याच्या मिठाची मला इथे आठवण होते, आणि भीती वाटते.

आपल्याकडे याच काळात आई आणि ज्यू ही दोन नावं एकत्र आली ती अगदी निराळ्या रीतीने. माझे वडील १९३६ मध्ये कामा हॉस्पिटलात जन्मले. आजी त्या हॉस्पिटलाबद्दल आदराने बोलायची आणि तिथल्या ‘मोठ्या डॉक्टरीणबाईं’चं नाव घ्यायची: जेरुशा झिराड. शिवमोग्याला जन्मलेल्या, पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या, लंडनहून स्त्रीरोगशास्त्रातली पदवी घेऊन आलेल्या, बेने इस्रायल ज्यू समाजातल्या बाई. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या कामा हॉस्पिटलाच्या प्रमुख होत्या. १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईतल्या बाळंतिणी का मरतात याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. त्या ज्यू आहेत हे आजीला ठाऊक होतं का? असावं; तिला त्याचं विशेष वाटलेलं मात्र मी कधी ऐकलं नाही. झिराडबाई कामा हॉस्पिटलात होत्या त्याच वर्षांत, जर्मनीत ज्यू डॉक्टरांना १९३३ च्या एप्रिलमध्ये विमा योजनेतून बाहेर काढायला सुरुवात झाली, आणि ३० सप्टेंबर १९३८ ला उरलेल्या सर्वांचे परवाने रद्द झाले. त्यांत बाळंतपणं करणाऱ्या, झोपडपट्ट्यांत बायकांना सल्ला देणाऱ्या किती डॉक्टरणी होत्या! बर्लिनच्या हेर्टा नाटोर्फने रोजनिशीत आपला परवाना जाण्याचे दिवस नोंदवले आणि पुढे ती न्यूयॉर्कला गेली. तिथे तिला पुन्हा डॉक्टरकी करता आली नाही. संततिनियमन आणि गर्भपात हे जर्मन मातृत्वाविरुद्धचं ज्यू कारस्थान आहे, असं नाझी प्रचार सांगत होता. इकडे त्याच संततिनियमनाच्या प्रचारासाठी विल्सन कॉलेजात गणित शिकवलेले र. धों. कर्वे जुलै १९२७ पासून मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते आणि कोर्टात खेचले जात होते. बर्लिनमध्ये याच विषयावर काम करणाऱ्या माग्नुस हिर्शफेल्डची संस्था ६ मे १९३३ ला लुटली गेली आणि चार दिवसांनी तिची पुस्तकं चौकात जाळली गेली. हिर्शफेल्ड ज्यू होता, आणि दोनच वर्षांपूर्वी भारतात फिरून गेला होता.

मराठी वाचकाला ज्यू माणूस परका नाही, हे मला ठासून सांगायचं आहे, कारण त्यामुळेच हा विषय आपला आहे. कोकणातले शनवार तेली, म्हणजेच बेने इस्रायल ज्यू, शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवत आले. मुंबईत मशीद बंदराजवळचं त्यांचं ‘शाआर हारहामीम’ प्रार्थनालय १७९६ मध्ये स्थापन झालं. मराठी ही त्यांची मातृभाषा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी अब्राहाम आणि मोशे यांची आख्यानं मराठी कीर्तनात गायली. पुण्यात १८७४ मध्ये पेसाहच्या सणाची एक सचित्र पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्या सुरुवातीच्या चित्रांत बायका बिनखमिराची भाकर करताना दिसतात: लुगडी नेसलेल्या, जमिनीवर बसलेल्या, एक मळते आहे, एक लाटते आहे. ती चित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या सोप्यातल्या पापडांची आठवण झाली. श्ट्युर्मरच्या काचपेटीतली चित्रं आणि ही चित्रं एकाच लोकांची म्हणून काढलेली आहेत. या पुस्तकाचं काम करताना मी पुण्याच्या त्या चित्रांची छायाप्रत टेबलासमोर लावून ठेवली होती.

तरी आपण सुरक्षित होतो असं म्हणणं खोटं ठरेल. शायलॉक हा शब्द आपल्याकडे इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून आला आणि मराठीत सावकारासाठी, कंजुषासाठी सहज वापरला जाऊ लागला; वापरणाऱ्याने आयुष्यात कधी ज्यू पाहिलेला नसे. आणि युरोपातल्या त्या राजवटींचं कौतुक मराठीत झालं. ‘केसरी’ने मुसोलिनीच्या इटलीबद्दल वर्षानुवर्षं भारावून लिहिलं, त्याचे लंडनचे बातमीदार द. वि. ताम्हणकर यांनी त्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले, बालिल्ला ही मुलांची संघटना पाहून प्रभावित झाले, आणि १९३७ मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल सुरू केलं. हे आकर्षण शिस्तीचं होतं, ज्यूद्वेषाचं नव्हे. इटलीने स्वतः १९३८ पर्यंत ज्यूंविरुद्ध कायदे केले नव्हते. पण १९३९ मध्ये नागपूरहून मा. स. गोळवलकरांचं जे इंग्रजी पुस्तक निघालं त्यात जर्मनीने ज्यूंना देशाबाहेर काढणं हे वंशाभिमानाचं उदाहरण म्हणून आणि हिंदुस्थानाने घ्यावा असा धडा म्हणून मांडलेलं आहे. शिस्तीचं कौतुक करता करता माणूस कुठवर जाऊ शकतो, हे कळायला आपल्याला बर्लिनला जावं लागत नाही.

बर्लिनला गेलेली एक मराठी बाई मात्र या पुस्तकात यायलाच हवी. इरावती कर्वे १९२८ ते १९३० या काळात डाहलेमच्या कैझर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत ओइगेन फिशरच्या हाताखाली संशोधन करत होत्या. विषय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधला असमानपणा. गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी याबाबतीत वेगळी, आणि म्हणून त्याची बुद्धीही वेगळी, अशी गुरूची धारणा. पंचविशीच्या आतबाहेरची ही परदेशी विद्यार्थिनी कवट्या मोजत गेली आणि असा काही वांशिक फरक दिसत नाही, असा निष्कर्ष तिने गुरूपुढे ठेवला. काही वर्षांतच फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि वंशकायद्यांना शास्त्राचा आधार पुरवू लागला. ‘फ्राउएन-वार्टे’सारख्या नियतकालिकांत वंशाबद्दल जे सोपं करून सांगितलं जाई ते अशा संस्थांतून झिरपलेलं असे. त्या झऱ्याच्या मुखाशी बसून एका मराठी बाईने तो खोटा असल्याचं मोजून दाखवलं होतं. इरावतीबाईंनी पुढे महाराष्ट्रात येऊन मोजमापाची ती साधनं सोडून दिली नाहीत, हेही खरं. जाती-जमातींची शरीरमापं त्या घेत राहिल्या. मला त्यांच्याबद्दलचा आदर आणि ही अस्वस्थता, दोन्ही बाळगावी लागते.

दुसरी बाई उलट दिशेने आलेली. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० मध्ये जर्मन ज्यू कुटुंबात जन्मलेल्या एडिथ कोह्न यांच्याशी विवाह केला. व्रात्यस्तोम विधी झाला, त्या शीलवतीबाई झाल्या. विंटरनित्स या ज्यू पंडिताच्या भारतीय वाङ्मयाच्या जर्मन इतिहासाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं. केतकर १९३७ मध्ये गेले आणि पुण्यात पैशाच्या विवंचनेत शीलवतीबाईंचे दिवस गेले. त्यांच्या जन्मभाषेत तेव्हा त्यांच्या माणसांबद्दल जे छापलं जात होतं, ते इथल्या त्यांच्या मराठी शेजारणींना माहीत नव्हतं. मराठीत आज तरी त्याचा पुरता हिशोब असावा, असं मला वाटतं.

आता एका दुसऱ्या मासिकाबद्दल. बेर्टा पापेनहाइमने १९०४ मध्ये जर्मनीत ज्यू महिला संघ स्थापन केला. संघाचं ‘ब्लेटर’ नावाचं मासिक १९२४ पासून निघे. मे १९३३ मध्ये जर्मन महिलांचा मोठा संघ विसर्जित झाला, तेव्हाच या बायका त्यातून बाहेर पडल्या. हन्ना कार्मिन्स्की त्या मासिकाची संपादक. त्यातही स्वयंपाक होता, मुलं होती. १९३३ च्या एप्रिलमध्ये ज्यू पद्धतीने जनावर कापायला बंदी झाली. धर्म पाळणाऱ्या घरांत मांस मिळेना, तेव्हा मांसाशिवाय ताट कसं भरावं हा प्रश्न या बायकांपुढे खराखुरा उभा राहिला. शाळेत एकटं पडलेल्या मुलाशी काय बोलावं, नोकरी गेलेल्या नवऱ्याला कसं सावरावं, परदेशात जायचं तर मुलीने कोणता हुन्नर शिकावा, हे त्यांचे विषय. पाककृतीच्या शेजारचं पान इथेही आहे, पण ते माणूस वाचवण्याच्या धडपडीने भरलेलं आहे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनालयं फोडली-जाळली गेली, त्या रात्रीनंतर संघ आणि मासिक दोन्ही संपवली गेली. कार्मिन्स्कीला देश सोडता आला असता. ती बर्लिनमध्ये काम करत राहिली. डिसेंबर १९४२ मध्ये तिला आउश्वित्झला पाठवलं. ती परतली नाही.

इटलीचा भाग या पुस्तकात लहान आहे, कारण तिथली गोष्ट उशिरा सुरू होते आणि झपाट्याने घडते. बेंपोराद या फ्लॉरेन्सच्या ज्यू प्रकाशनसंस्थेने १९२० पासून इटालियन बायकांसाठी वार्षिक पंचांगवजा ग्रंथ काढला होता. फॅसिस्ट काळातही तो घरोघर जात राहिला. १९३८ मध्ये वंशकायदे आले आणि संस्थेला आपलं नावच पुसून ‘मार्झोक्को’ व्हावं लागलं. बायकांसाठी लिहिणाऱ्या, छापणाऱ्या ज्यू हातांना त्यांच्याच पानांवरून खोडलं गेलं. शिवीगाळ न करताही ज्यूद्वेष कसा छापता येतो, याचा तो नमुना: नाव काढून टाकायचं, बाकी मजकूर तसाच ठेवायचा.

गेरट्रुड शोल्ट्स-क्लिंक १९३४ पासून नाझी राज्यातल्या बायकांची प्रमुख होती. युद्धानंतर ती नाव बदलून लपली, सापडली, शिक्षा भोगून सुटली आणि १९९९ पर्यंत जगली. क्लाउडिया कूंझ या अमेरिकन इतिहासकार बाईंनी तिची मुलाखत घेतली आणि ‘मदर्स इन द फादरलँड’ (१९८७) या ग्रंथात तिच्याबद्दल लिहिलं. तिला पश्चात्ताप नव्हता. आम्ही बायकांचं काम केलं, घर सांभाळायला शिकवलं, हीच तिची भूमिका राहिली. या पुस्तकाचं प्रत्येक प्रकरण त्या भूमिकेला दिलेलं उत्तर आहे. घर सांभाळायला शिकवणं हेच ते काम होतं: कुणाचं घर, कुणाला बाहेर ठेवून, हे शिकवणं.

म्हणून या संग्रहातले उतारे निवडताना मी फक्त द्वेषाचे लेख घेतले नाहीत. सुरुवातीला तसाच विचार होता. मग वाटलं, तसं केलं तर वाचणाऱ्या बाईला सगळं ओळखू येईल आणि ती स्वतःला त्या वाचकांपासून लांब ठेवील. त्या वाचक लांबच्या नव्हत्या. शिवणाचे नमुने, बाळाच्या दुधाची वेळापत्रकं, उरल्यासुरल्याच्या पाककृती मी शेजारच्या पानासह जशाच्या तशा ठेवल्या आहेत आणि भाषांतरात त्यांची चव राखायचा प्रयत्न केला आहे.

पहिला उतारा ‘आइनटोप्फ’चा आहे, एका भांड्यातल्या जेवणाचा. ऑक्टोबर १९३३ पासून थंडीच्या दिवसांत दर महिन्याच्या एका रविवारी प्रत्येक जर्मन घराने साधं, एकाच भांड्यातलं जेवायचं आणि वाचलेले पैसे दारावर येणाऱ्या माणसाला गरिबांच्या मदतनिधीसाठी द्यायचे, असा नियम होता. १९३५ पासून त्या निधीतून ज्यू गरिबांना वगळलं गेलं. पाककृतीत कोबी, बटाटे, गाजर, कांदा आणि मूठभर डाळ आहे. मी ती करून पाहिली. चांगली होते.